अकलूजकडं वाइनच्या मळ्यात घरच्यांना घेऊन जेवायला जायचंय, पण आई माळकरी आहे

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी, मे महिन्यात आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं व्हायलीत. बहीण आणि दाजी पुण्याहून येणारेत, पोरांना सुट्ट्या असतात, तर म्हटलं हॉल-बिल घेऊन दोनशे माणसं जेवू घालण्यापेक्षा घरचेच दहा-बारा जण कुठंतरी निवांत जेवायला जाऊ. दाजींनी डोक्यात भरवलंय की द्राक्षांच्या मळ्यात बसून, तिथल्याच शेतातलं ताजं काढून केलेलं जेवतात तसं काहीतरी करू. नाशिक लांब पडतं, आईला एवढा प्रवास झेपत नाही, मग आपल्याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रटेली या वाइन कंपनीचे मळे आहेत ते आठवले. आता अडचण अशी की आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. बाबांचं काही नाही, ते कुठंही खूश. आईला तिथं अवघडल्यासारखं होईल का, तिला खाण्यासारखं काय मिळेल, आणि मे मध्ये जाण्यात अर्थ आहे का? कुणी फॅमिली घेऊन गेलं असेल तर सांगा की.

गुळभेंडी_हुरडा:
कशाला बे तिकडं जायलाव, मंगळवेढ्याकडं कुणाच्या तरी शेतात हुरडा पार्टी करा की. आगटीतनं काढलेलं गरम कणीस, शेंगा चटणी, दही, गूळ, आणखी काय पायजे? शेतातलं ताटात हेच.

जुळेसोलापूरकर:
@गुळभेंडी_हुरडा हुरडा दरवर्षी होतोच वो, आणि मे मध्ये हुरडा कुठनं आणू 😄

नान्नजचा_बागायतदार:
मे मध्ये अजिबात जाऊ नका, स्पष्ट सांगतो. आमच्याकडं खायच्या द्राक्षाच्या बागा आहेत, वाइनच्या नाहीत, पण वेल तो वेल. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते म्हणजे सगळ्या काड्या खाली कापून टाकतात, मे मध्ये तुम्हाला तारा, बांबू आणि नुसती नवी फूट दिसणार, घड एक नाही, आणि वर ४२ डिग्रीचं ऊन. ती खरड छाटणी पुढच्या हंगामाच्या काडीसाठी असते, पुढच्या घडाचं बीज काडीच्या डोळ्यात तेव्हाच धरतं. फळ धरायची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, आणि माल काढायला येतो जानेवारी ते मार्च. पोरांना घड लोंबकळताना बघायचे असतील तर जानेवारी अखेर ते फेब्रुवारी हाच टाइम.

अजून एक, पोरं तिथली द्राक्षं बघून नाराज होतील ते आधीच सांगून ठेवा. वाइनची द्राक्षं बारीक, साल जाड, आत बिया. आपल्याला सवय सोनाका जातीची, जी नान्नजलाच नानासाहेब काळ्यांनी थॉमसन जातीमधनं निवडून काढली, लांबट आणि बिनबियांची. खायच्या मालाला आम्ही मणी फुगवायला जीए (जिबरेलिक ॲसिड) या संजीवकात घड बुडवतो, विरळणी करतो, ग्राहकाला दिसायला पायजे ना. वाइनला मोठा मणी उलट नको असतो, रंग आणि चव सालीत असते म्हणून. गोडी मात्र त्यात जास्तच, २२-२४ ब्रिक्सला (साखर मोजायचं माप) तोडतात. आणि विचारल्याशिवाय घड तोडून तोंडात घालू नका, भुरी-डावणी रोगांची फवारणी कधी झालीय ते तिथल्या माणसालाच माहीत.

होटगीरोडवाली:
माझ्या सासूबाई पण माळकरी, त्यांना घेऊन आम्ही नाशिकला गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत जेवलोय त्यामुळं आईचं मी सांगते. पहिलं म्हणजे त्यांना "गार्डन रेस्टॉरंट आहे" असं गुळमुळीत सांगून नेऊ नका, वाइन करतात तिथं जायचंय असं सरळ सांगा आणि येतील तर न्या. आमच्या सासूबाई म्हणाल्या मी पीत नाही, बघायला काय हरकत, पण कुणाची आई नाही म्हणू शकते आणि मग तिथं पोचून तोंड पाडून बसण्यापेक्षा घरीच कळलेलं बरं.

दुसरं, शेजारच्या ग्लासपेक्षा ताटाकडं लक्ष द्या! अशा ठिकाणी इटालियन जास्त असतं, आणि रिसोटोत (त्यांचा मऊ भात) व्हाइट वाइन घालतातच, काही पास्त्याच्या सॉसमध्ये, तिरामिसू या गोड पदार्थात पण दारू आणि कच्चं अंडं असू शकतं. मेनूवर हिरवा ठिपका असला तरी वाइनचं त्यात कळत नाही. इम्पोर्टेड पार्मेझान चीज असेल तर त्यात वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) असतं, हे बऱ्याच शाकाहारी लोकांना माहीतच नसतं. आम्ही वेटरला विचारलं तर तो नुसता "प्युअर व्हेज आहे मॅडम" म्हणत राहिला, शेवटी आतून शेफला बोलावलं तेव्हा खरं कळलं. त्यांनी मग साधी भाजी-पोळी, वरणभात करून दिलं, कांदा-लसूण न घालता, पण ते आमचं नशीब. तुम्ही बुकिंगच्या फोनवरच बोलून घ्या. आणि तारीख धरताना एकादशी बघा, नाहीतर सगळे जेवायलेत आणि आई भगर खाऊन बसलीय असं व्हायचं.

मूळ_सोलापूर_सध्या_नाशिक:
वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय. माझं म्हणणं जरा वेगळं, हे जे "आमच्या शेतातलं" लिहितात ना मेनूवर, त्यात नेमकं काय काय ते विचारायचं. इथं एका ठिकाणी मी विचारलं तर तुळशीसारखी ती बेसिलची पानं, लेट्यूस आणि चेरी टोमॅटो एवढंच त्यांचं, बाकी मार्केटमधनं. चुकीचं काही नाही त्यात, पण मग त्या नावाचे दाम कशाला? जिथं "आज वांगी आलीत, गवार संपली" असं सांगतात तिथं खुशाल बसा.

मोटेवाडीला मात्र हॉटेलसारखं अचानक जाऊन टेबल मागू नका, आधी फोन, माणसं किती, किती जण नुसते जेवणार आणि किती जण वाइन टेस्टिंग करणार, सगळं सांगून जायचं. दाजींना टेस्टिंग करायचंच असणार, तर गाडीला ड्रायव्हर बघा. महाराष्ट्रात वाइन प्यायला वय २१ लागतं, म्हणजे कॉलेजातली भाचरं असतील तर त्यांना टेस्टिंग नको. २६ जानेवारी आणि ३० जानेवारी दोन्ही ड्राय डे, लोक नेमकं २६ ला जोडून सुट्टी बघून निघतात आणि तिथं जाऊन कपाळाला हात लावतात. आईसाठी तो दिवस उलट बराच म्हणा 😀

वेळापूर_फाटा:
रस्त्याचं मी सांगतो. मोहोळवरनं पंढरपूर, तिथनं पालखी मार्गानं वेळापूर आणि मग अकलूज. रस्ता आता चांगला झालाय. आईंना जाताना पांडुरंगाचं दर्शन घडवा, वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे तिथं पण थांबा, त्यांचा दिवस तिथंच सार्थकी लागतो, पुढं जेवण कसं का असेना. फक्त माघी वारीच्या दिवसांत नका येऊ, पंढरपुरात गाडी हलत नाही, आणि माघी एकादशी जानेवारी-फेब्रुवारीतच येते, म्हणजे तुमच्या द्राक्षाच्या टायमालाच.

जुळेसोलापूरकर:
धन्यवाद सगळ्यांना, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. मे मध्ये घरीच पुरणपोळी करू आणि मळ्याचं पुढच्या फेब्रुवारीला ढकलतो, माघी आणि एकादशी टाळून. आईला काल जेवताना सांगितलं, ती म्हणाली आधी पंढरपूर, मग तुमचं काय ते. चीज आणि सॉसचं फोनवर विचारून घेतो. ड्रायव्हरचं दाजींना बहिणीकडनंच कळू दे, मी त्यात पडत नाही.