टेलवॉटरला ‘अवजल’ म्हणावं का?

मी डोंबिवलीत घरी बसून उपशीर्षकांचं काम करते. सध्या हातात एक अर्ध्या तासाचा भाग आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतली सॅन हुआन नदी, नवाहो धरणाच्या जरा खाली, भर जानेवारी. काठावर बर्फ, आणि दोन म्हातारे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ट्राउट पकडतायत. पहिल्याच वाक्यात ‘टेलवॉटर’. आधीच्या मसुद्यात कुणीतरी ‘पुच्छजल’ लिहून ठेवलंय. ते वाचून गाईची शेपटीच आठवते.

मला आधी ‘टेलचं पाणी’ सुचलं होतं, पण त्यात मोठीच गफलत आहे. आपल्याकडे टेल म्हणजे कालव्याचा शेवट. ‘टेलला पाणी पोचलंच नाही’ हे रडगाणं दर उन्हाळ्यात पेपरात असतं. यांचं टेल मात्र धरणाच्या पायथ्याशी, पाणी पहिल्यांदा बाहेर येतं तिथे.

आणि तेच तर या नदीचं मर्म आहे. पाणी जलाशयाच्या तळातून सोडतात. ४ अंश सेल्सियसला पाणी सगळ्यात जड असतं, म्हणून थंड प्रदेशातल्या खोल धरणाच्या तळाशी गारच पाणी बसलेलं असतं. नवाहोखाली ते बारा महिने ५-६ अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात ते हवेपेक्षा गार आणि जानेवारीत हवेपेक्षा ऊन, त्यामुळे नदी गोठत नाही, उलट सकाळी वाफा निघतात. गाळ धरणातच बसलेला, म्हणून तळातला खडा न् खडा दिसतो. यासाठी एक शब्द सुचवा. एका ओळीत जेमतेम ४० अक्षरं बसतात.

दुसरा प्रश्न ‘फ्लाय फिशिंग’चा, म्हणजे गळाला खोटी माशी बांधून मासे पकडण्याचा. ‘माशीने मासेमारी’ लिहिलं तर वाचणारे हसतील ना?

*

प्रतिसाद, चिपळूणहून:

ताई, शब्द आमच्या दारातून वाहतोय. अवजल! कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून झालं की कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येतं, त्याला आमच्याकडे शाळेतलं पोरही अवजल म्हणतं. वर्षाला सुमारे ६७ टीएमसी. मे महिन्यात आजूबाजूच्या नद्यांत दगड वाळत असतात, आमची वाशिष्ठी भरलेली. ‘कोयनेचं अवजल मुंबईला’ ही बातमी तर तुम्ही लहानपणापासून वाचत असाल.

*

मी:

दादा, अगदी! इतक्या वेळा वाचलेला शब्द आणि आठवला नाही. एकच शंका. अवजलात ‘काम उरकलेलं, समुद्राला चाललेलं पाणी’ अशी छटा येते. अवगुण, अवकळा यांच्या शेजारचा ‘अव’ कानाला लागतो. या म्हाताऱ्यांना तर तेच पाणी सोन्यासारखं आहे.

*

प्रतिसाद, कर्जतहून:

छटेचं सोडा हो. तुम्ही डोंबिवलीत नळाचं पाणी पिता ना? उल्हास नदी उन्हाळ्यात वाहते ती भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत, भिऱ्याचं कुंडलिकेत. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. कोलाडला सकाळी राफ्टिंग चालतं तेही वरून पाणी सोडतात म्हणूनच. मुंबईच्या उंबऱ्यावर तीन-तीन अवजलाच्या नद्या आहेत. ट्राउट तेवढा नाही, कारण त्याला २० अंशांच्या वर पाणी गेलं की सोसत नाही. पण त्याच टाटांच्या लोणावळ्याच्या वळवण तलावाशी महासीरची, आपल्या खडशीची, पैदास करतात.

फक्त एक पाहा. वीज न करता नुसतं झडपेतून सोडलेलं पाणी असेल तर अवजल म्हणू नका, सरळ ‘धरणाखालची नदी’ लिहा.

*

प्रतिसाद, दादरहून, शुद्धलेखनवाला (आधीच माफी):

माशी-मासा प्रकरणात जपून. माशीचं अनेकवचन ‘माश्या’, तर माशाला, माशांना ही ‘मासा’ची रूपं. म्हणजे ‘माशांसाठी माश्या’ इथे एका य-वर सगळा डोलारा. तो य गाळलात तर मासे माशांसाठीच पाण्यात टाकले असं होईल. शिवाय ‘म्हातारे नदीवर माश्या मारतायत’ असं चुकूनही लिहू नका. (लिहिलंत तरी फार खोटं ठरणार नाही म्हणा. हिवाळ्यात मासा डोहात सुस्त पडून असतो.)

‘गळ’ही सांभाळा. गळ टाकला, पण गळ घातली. पहिला काटा, दुसरी विनवणी.

*

मी:

य वाचवला, धन्यवाद. पण ‘गळ टाकणे’च मला इथे खटकतंय. साध्या गळाला शिसं असतं, त्याच्या वजनाने दोरा लांब जातो. इथे पिसं-दोरा गुंडाळून केलेल्या माशीला वजनच नाही. जाड, वजनदार दोर हवेत मागे-पुढे खेळवायचा आणि तो दोर माशीला घेऊन जातो. म्हणजे फेकतात ते दोर.

आणि माशी तरी कसली! थंडीत तिथे पाण्यावर येतात त्या इवल्याशा मिजेस. गळ २२ नाहीतर २४ नंबरचा. नंबर वाढला की गळ लहान. वर बांधलेली माशी तांदळाच्या कणीएवढी. क्रॉफर्ड मार्केटजवळ फिशटँकच्या दुकानात लाल ब्लडवर्म मिळतात ना, ती याच जातीच्या किड्यांची अळी. मी ‘चिलट’ लिहिलंय. कुणी ‘घुंगुरटं’ म्हणेल, आणि संध्याकाळी पाण्यावर थवा धरतात म्हणून ते जास्त बरोबरही असेल, पण अक्षरं मोजावी लागतात.

*

प्रतिसाद, वरळी कोळीवाड्यातून:

ताई, गळ-बिळ राहू दे. आमच्याकडे गरी म्हणतात आणि गरीने मासा काढायचा म्हणजे गरवायचा. जाळ्याचा मासा वेगळा, गरवलेला वेगळा. तुमच्या म्हाताऱ्यांचं ‘चिलटाने गरवणं’ म्हणा, एका ओळीत बसेल. त्या बारीक दोऱ्याला तंगूस म्हणतात. नायलॉन लिहू नका, ते साडीचं वाटतं.

*

मी:

काका, तंगूस! मी ‘पारदर्शक धागा’ लिहून बसले होते. त्यांचा शेवटचा तंगूस ६ एक्स, हा जाडीचा नंबर. हिशोब गमतीचा आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा करायचा, राहिले ५, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले पाच भाग, ०.१२७ मिलिमीटर. पाणी इतकं निवळशंख की यापेक्षा जाड असला तर ट्राउट बघून बाजूला होतो. ‘नितळ’ खोडून मी ‘निवळशंख’ केलं. गाळ खाली बसून पाणी साफ झालं, तर ते निवळलंच ना.

‘डेड ड्रिफ्ट’ अजून अडलंय. चिलट प्रवाहाच्याच वेगाने जायला हवं, दोराने जराही ओढलं तर मासा फसत नाही. मी ‘निर्माल्यासारखं वाहू द्यायचं’ असं केलंय. गणपतीनंतर खाडीवर पाहिलेलं डोळ्यांसमोर होतं.

*

प्रतिसाद, दादरहून:

निर्माल्य ठेवा. पण आपल्याकडे काश्मीर-हिमाचलातही ट्राउट आहे, तिथलं कुणी विचारेल की हिवाळ्यात कसं काय? हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, ब्राउन ट्राउट अंडी घालतो तेव्हा.

*

मी:

न्यू मेक्सिको आहे हो, आणि शेवटी ते मासा सोडूनच देतात. काका, या ‘कॅच अँड रिलीज’ला कोळीवाड्यात काय म्हणतील?

*

प्रतिसाद, वरळी कोळीवाड्यातून:

घरात विचारलं. आई म्हणाली, “पकरून सोरायचा त गरवायचा कशाला?”