मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात रक्ताच्या डागाचं वय कसं काढायचं?

नमस्कार. मी नागपुरात न्यायसहायक विज्ञानात एमएस्सी करतेय. प्रबंधाचा विषय सुती कापडावरच्या रक्ताच्या डागाचं वय. जाणकारांचं मार्गदर्शन हवंय.

रक्त शरीराबाहेर पडलं की ऑक्सिहिमोग्लोबिनचं (प्राणवायू धरलेलं लाल रंगद्रव्य) मेथहिमोग्लोबिन होतं, पुढे हेमिक्रोम, ही त्याचीच बदललेली रूपं. म्हणून लाल डाग तपकिरी पडतो. प्रकाश-शोषणाच्या वर्णपटात ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरची शिखरं खचतात, ६३० च्या आसपास उंचवटा येतो, ४१५ जवळचं सोरेट शिखर (हिमोग्लोबिनचं सगळ्यात ठळक) कमी तरंगलांबीकडे सरकतं. इथवर ठीक. विभागात साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला जातो ते मोजणारं यंत्र) आहे, रामन वर्णपटमापक वगैरे नाही.

अडचण पुढे आहे. एकाच वेळी पाडलेले डाग मी कूलरच्या खोलीत आणि गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवले. शेडमधले कितीतरी आधी तपकिरी झाले. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा नवल नाही. पण कूलर हवा गार करतो तशी दमटही करतो. शिवाय शेडमध्ये उजेड जास्त. मग फरक नेमका कशाचा? आणि या डागांवरून काढलेला वयाचा आलेख पावसाळ्यात चालेल का?

हे मला नुसतं उरकायचं नाही. समजा खटल्यात आरोपी म्हणतो डाग जुन्या जखमेचा, सरकारी पक्ष म्हणतो त्याच रात्रीचा. तिथे चुकीच्या आलेखावरून दिलेलं मत एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त करेल. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, म्हणजे हा प्रश्न आता वारंवार येणार.

प्रतिसाद:
ताई, गच्ची-खोली तुलना सोडा. इन्क्युबेटरमध्ये एकाच तापमानाला, अंधारात, दोन बंद डेसिकेटर (आतली आर्द्रता राखणारी हवाबंद भांडी) ठेवा. एकात मिठाचं संपृक्त द्रावण, आर्द्रता साधारण ७५ टक्के राहते. दुसऱ्यात मॅग्नेशियम क्लोराइडचं, साधारण ३३. आर्द्रतेचा परिणाम कळला की तापमान बदला, उजेड सगळ्यात शेवटी. वर्षभराचा एकच आलेख काढायच्या फंदात पडू नका. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीतलं असेल तर तसं लिहा, ते घटनास्थळावरच्या रक्तासारखं गोठत नाही. आणि डाग पाण्यात उतरवून मोजताय का? जुना डाग पूर्ण उतरत नाही. इंटिग्रेटिंग स्फिअर (विखुरलेला प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल) असेल तर कापडावरूनच परावर्तन मोजा.

धागाकर्ती:
खूप आभार, सर. स्फिअर नाही, पाण्यातच उतरवते. ५७७ आणि ५४२ च्या शोषणांकांचं गुणोत्तर घेतलं तर कमी उतरल्याचा दोष जाईल ना?

प्रतिसाद:
निम्मा जाईल. द्रावण पातळ झाल्याचा परिणाम गुणोत्तरात उरत नाही. पण जुन्या डागातले सगळे घटक सारख्याच प्रमाणात उतरतील असं नाही, त्यामुळे गुणोत्तरही कलू शकतं. एकाच वयाचे तुकडे वेगवेगळा वेळ भिजवून बघा. गुणोत्तर हललं, तर भिजवण्याची वेळ पक्की ठरवा आणि ती प्रबंधात नोंदवा. अहवालात एक तारीख देऊ नका, कमीत कमी आणि जास्तीत जास्त वय द्या.