मंडळी, सेवेच्या घरातलं हसू सांगा

राजारामपुरीकर (धागाकर्ता)

जय ख्रिस्त!

चार वर्षं मी कोल्हापुरात एका सेवागटाबरोबर राहिलो. राजारामपुरीत भाड्याचं घर, माणसं सात आणि न्हाणीघर एक. सेवेतल्या मोठ्या गोष्टी आपण उपासनेत साक्ष म्हणून सांगतोच. कोण आजारातून उठलं, कुणाची दारू सुटली. पण पहाटे बादल्यांच्या रांगेत, पोळ्या लाटताना, कॅरलच्या टेम्पोत आपण जे हसलो ते कुणी सांगत नाही, आणि माणसं पांगली की ते विरून जातं. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली पत्नीसह कोल्हापुरात आले. त्यांच्या कामाबद्दल वाचायला मिळतं. त्यांच्या चुलीवर पहिल्यांदा इथलं तिखट पडलं तेव्हा घरात काय झालं, ते मात्र कुठे सापडत नाही. मला त्याची खरंच हळहळ वाटते. म्हणून हा धागा. लहानमोठं, आठवेल ते लिहा.

सुरुवात मी करतो. मी मूळचा नगरकडचा. कोल्हापुरात उतरलो त्या दिवशी स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाले मामा बोलके होते.

"काय काम करता पाव्हणं?"

"मंडळीची सेवा करतो."

"लय चांगलं. आजारी हायत काय?"

"नाही हो, उलट वाढतेय. गेल्या वर्षी दीडशे होती, आता दोनशेवर गेली."

मामांनी रिक्षा कडेला घेतली आणि मागं वळून विचारलं, "किलो?"

आपल्याकडे मंडळी म्हणजे चर्चची माणसं, आणि इथं मंडळी म्हणजे घरची लक्ष्मी, हे मला त्या क्षणी कळलं. मामांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते इतके हसले की डोळे पुसायला टॉवेल घ्यावा लागला. पाळकसाहेबांना हे सांगितलं, तर त्यांनी बायबल काढून इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडला. नवऱ्यानं बायकोवर कसं प्रेम करावं, तर ख्रिस्तानं मंडळीवर केलं तसं. "रिक्षावाल्या मामांचा अर्थ काही चुकीचा नाही," साहेब म्हणाले. पुढच्या रविवारचा उपदेश त्यावरच झाला. मामा अजून कोपऱ्यावर भेटले की लांबूनच ओरडतात, "मंडळी बरी हाय न्हवं?" मी म्हणतो, "बरी हाय मामा."

जालन्याची लेक

आमच्या घरी स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या. माझी पहिली पाळी. वहिनींना (पाळकसाहेबांच्या पत्नी) सकाळी दवाखान्यात एका बाळंतिणीला भेटायला जायचं होतं, म्हणून त्या ओट्यावर चिठ्ठी ठेवून गेल्या: "आमटीत दोन चमचे चटणी घाल."

मी ओलं खोबरं खवलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, डाळं घेतलं, झकास चटणी वाटली आणि मोजून दोन चमचे आमटीत घातली. मनात म्हटलं, असेल इथली पद्धत. दुपारी सगळे जेवायला बसले. पहिला घास घेऊन वहिनी थांबल्या. मग उठल्या, फळीवरची मोठी काचेची बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. लालभडक कांदा-लसणाचं तिखट. "बाळा, ही चटणी," म्हणाल्या.

बोलणं एक नाही. उलट मोठ्या दादांनी दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली, आणि दर पंधरवड्याला "ती जालन्याची आमटी कर की" अशी फर्माईश सुरू झाली. ती अजून त्या घरात होते, असं वहिनी परवाच फोनवर सांगत होत्या. मला भरून आलं.

उंबरठा

@जालन्याची लेक, चटणी ही पहिलीच पायरी. मग माळवं म्हणजे भाजी, हे शिकायचं. आणि मग आमच्या घरमालक काकूंची मुलगी. ती आमच्या ताईंना दारातून हाक मारायची, "ताई, मी आलो, दार उघडा." ताई विदर्भातल्या. त्यांना वाटायचं कुणी मुलगा आलाय, त्या आतूनच सांगायच्या, "दादा घरी नाहीत, नंतर या." ती बिचारी पायरीवर बसून राहायची. आठवडाभर हे चाललं! कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' बोलतात हे कळल्यावर ताईंनी तिला पोटाशी धरलं. वर्षानंतर ताई गावी गेल्या आणि आईला फोनवर म्हणाल्या, "मी पोचलो."

शब्बाथ शाळेची बाई

रविवारच्या वर्गात बायबलातला दावीद आणि गल्याथाचा धडा होता. पलिष्टी लोकांचा राक्षसासारखा योद्धा गल्याथ, आणि त्याला हरवणारा पोरगेला दावीद. मुलं सात ते दहा वर्षांची, बहुतेक पेठांतली. मी रंगवून सांगितलं, गल्याथ केवढा धिप्पाड, अंगावर पितळी चिलखत, हातात भाला. एक हात वर झाला.

"बाई, गल्याथ कुठल्या तालमीचा?"

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. त्या मुलाचे आजोबा आखाड्यातले, घरात मल्ल म्हटलं की पहिला प्रश्न हाच. मी म्हटलं, पलिष्ट्यांच्या. लगेच दुसरा, "वस्ताद कोण?" तिसरी, "बाई, कुस्ती निकाली झाली की बरोबरीत?" निकाली, म्हटलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मग त्याची उंची. मराठी बायबलात सहा हात आणि एक वीत असं आहे. मुलांना ते मापायचंच होतं. कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एकेक हात मोजायला लागलो, तर पाचव्या हातालाच माझी उंची संपली आणि भांडण सुरू झालं: हात कुणाचा धरायचा, पिंट्याचा की बाईंचा? शेवटी रखवालदार काकांचा धरला. काका स्टुलावर चढले आणि साडेनऊ फुटांच्या वर रेघ मारली. मुलं मान वर करून बघत राहिली. दाविदाची रेघ मारायला मुलांनी वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीला उभं केलं. त्या दोन रेघांकडे बघून मला तो धडा नव्यानं कळला, हे मनापासून सांगते.

पुढच्या रविवारी पालकांच्या परवानगीनं सगळ्यांना खासबाग मैदानात घेऊन गेले. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ सालचं मैदान. कुठल्याही पायरीवर बसलं तरी मधला आखाडा दिसतो. खाली बघून एकजण म्हणाला, "हितं असता तर दाविदाला चांदीची गदा मिळाली असती."

पेटीमास्तर

डिसेंबर. कॅरलची रात्र. टेम्पोत पेटी, ढोलकी, टाळ आणि चौदा माणसं. प्रत्येक घरी चहा, त्याबरोबर करंजी, शंकरपाळी, चिवडा. नाही म्हटलं तर घरची माणसं नाराज होतात, म्हणून अकरा घरी अकरा चहा झालेले. रात्री साडेबारा वाजता एका गल्लीत दार चुकलं. आम्ही गाणं सुरू केलं, दिवे लागले, दार उघडलं तर समोर अनोळखी आजी, मागं देव्हारा, आणि कडेवर टक्क जागी नात. आम्ही थांबलो, माफी मागितली.

आजी म्हणाल्या, "मागताय कशाला? पोरगी दोन तास रडत हुती, आत्ता कुठं गप झाली. आणि एक म्हणा."

आम्ही तीन म्हटली. शेवटच्याला कोपऱ्यावर शेकोटीला बसलेली तालमीची पोरं हलगी घेऊन आली. ढोलकीवाल्याचे डोळे चमकले. त्या नाताळची चाल मी आयुष्यभर विसरणार नाही. आजींनी बाराव्या चहाला आत बोलावलं आणि निघताना माझ्या हातात नारळ दिला. आता दरवर्षी यादीत ते घर आहे. नात चौथीत गेली. ढोलकीच्या शेजारी उभी राहून टाळ वाजवते.

शिरोली नाका

२०१९चा ऑगस्ट. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. आम्ही एका हॉलमध्ये पूरग्रस्तांसाठी पोळ्या लाटत होतो. त्या दिवसांत दुःख फार पाहिलं, ते इथं लिहीत नाही. हसू एकच आठवतं.

हॉलच्या पार्किंगमध्ये चिखलीकडच्या एका मामांनी आपली म्हैस आणून बांधली होती. संध्याकाळी प्रार्थना व्हायची. पाळकसाहेब "आमेन" म्हणायला थांबले की म्हैस रेकायची. एकदा नाही, तीन दिवस, नेमकी तेव्हाच. तिसऱ्या दिवशी घरदार पाण्यात गेलेली माणसंसुद्धा खो खो हसली. ते मामा आठवड्यात पहिल्यांदा हसले. साहेबांनी डोळे मिटूनच म्हटलं, "आणि प्रभू, हिचंही घर लवकर कोरडं कर." खालून पुन्हा आवाज आला.

ऐजॉलवाला

मी मिझो. सहा वर्षं तुमच्यात होतो. मराठी गंगावेशीत दूध कट्ट्यावर शिकलो. रोज घरासाठी दूध आणायचं काम माझ्याकडं. समोर म्हैस पिळतात, तोवर लोक बोलतात, मी ऐकायचो. मंडळीत पहिली साक्ष दिली तेव्हा मला दुसरी मराठी येतच नव्हती. उभा राहून म्हणालो, "प्रभू लय भारी हाय. त्येनं माझा नाद सोडला न्हाई."

सगळे गप्प. मला वाटलं काहीतरी वाईट बोललो. मग मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजी उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आमेन गं बाई, माझाबी न्हाई सोडला." मग सगळे हसले, काही रडले.

इथं सगळं आहे. चटणी नाही.

राजारामपुरीकर (धागाकर्ता)

@ऐजॉलवाला, वहिनींना तुझं वाचून दाखवलं. ब्याडगी आणि संकेश्वरी गच्चीवर वाळतायत, सोमवारी कांडपाला जातील. तुझा डबा वेगळा काढणार आहेत. पत्ता तोच आहे ना?

बाकीच्यांनी लिहीत राहा. @शब्बाथ शाळेची बाई, ती भिंतीवरची रेघ अजून आहे का?

शब्बाथ शाळेची बाई

आहे. मध्ये रंग दिला, पण तेवढी पट्टी काकांनी सोडायला लावली.