जुलैत "आजचंच ताजं पापलेट", वर १०% सर्व्हिस चार्ज: बिल बदलून घेतलं, मित्र म्हणतो उगाच तमाशा केलास

गवतीचहा (धागाकर्ता)

माझा शाळेतला मित्र हैदराबादला असतो, ऑफिसच्या कामासाठी मुंबईत आला होता, मूळचा रत्नागिरीचा त्यामुळे त्याची एकच फर्माईश, मासे खायचे. फोर्टमधल्या एका नावाजलेल्या सीफूड हॉटेलात घेऊन गेलो. नाव लिहीत नाही, मुद्दा एका हॉटेलाचा नाहीये.

महिना जुलै. मासेमारी बंद असते हे मला माहीत आहे म्हणूनच ऑर्डर द्यायच्या आधी स्पष्ट विचारलं, पापलेट ताजं आहे का फ्रोजन, फ्रोजन असेल तर आम्ही दुसरं काहीतरी घेतो. कॅप्टन म्हणाला, "आजचंच आहे साहेब, सकाळी आलंय." मेनूत पापलेटपुढे आकडा नाही, नुसतं 'साइजप्रमाणे'. तोही विचारला तर म्हणे साइज बघून सांगतो, आणि सांगितलाच नाही.

ताटात जे आलं त्याचा रवा एका बाजूने सुटून पडलेला, मांस कापसासारखं, खाली पाणी सुटलेलं. चवच नाही. सोलकढी पातळ पाणी. वडे मागितले ते अर्धा मासा खाऊन झाल्यावर आले. गाणी इतकी मोठ्याने की समोर बसलेल्या माणसाशी ओरडून बोलायचं, इतक्या दिवसांनी भेटलो तर निदान गप्पा तरी धड व्हाव्यात ना. आवाज कमी करायला दोनदा सांगितलं, कोणी ढुंकून पाहिलं नाही.

बिल: जेवण ४२०० (त्यात एकटं पापलेट १७५०), सर्व्हिस चार्ज १०% म्हणजे ४२०, त्या सगळ्यावर ५% जीएसटी २३१, एकूण ४८५१. मी मॅनेजरला बोलावलं आणि सांगितलं की मासा फ्रोजन आहे, आम्हाला ताजा म्हणून विकलात, सर्व्हिस चार्ज काढा. थोडी हुज्जत झाली पण काढला, ४४१० दिले आणि निघालो. मित्र टॅक्सीत म्हणाला जाऊदे रे, एवढ्यासाठी कशाला तमाशा.

माझं मत पक्कं आहे. हॉटेलने फ्रोजन विकावं, हरकत नाही, पण विचारल्यावर खोटं बोलू नये, आणि गिऱ्हाइकाने ते तिथल्या तिथे बोलून दाखवावं, घरी जाऊन एक स्टार देऊन काही होत नाही. तुम्हाला काय वाटतं?

पारंब्या

नाही पटलं. तुम्हाला जर माहितीच होतं की बंदी आहे तर पापलेट मागवलंच कशाला? सरळ चिकन सुकं घ्यायचं. कॅप्टन बिचारा पगारी माणूस, त्याला वरून सांगितलं असेल तेच तो बोलणार. ४४१ रुपयांसाठी इतक्या दिवसांनी आलेल्या मित्राच्या संध्याकाळीचा विचका झाला हे जास्त वाईट. आमच्या घरी वडील सांगायचे पाहुण्यासमोर बिल उघडायचं पण नाही.

चिंबोरी_वर्सोवा

मी कोळीवाड्यातली, घरात तीन पिढ्या बोटी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ६१ दिवस. बिनयांत्रिक छोट्या होड्यांना सूट आहे पण पावसाळ्याच्या दर्यात त्या पापलेटसाठी लांब जात नाहीत. म्हणजे जुलैत फोर्टमधल्या हॉटेलात "सकाळी आलंय" असं कोणी म्हणत असेल तर दोनच शक्यता. एक, मे महिन्यात घेऊन कोल्ड स्टोरेजला टाकलेला माल. दोन, पूर्व किनाऱ्याचा माल. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जुलैत आंध्र-ओडिशाच्या बोटी चालू असतात आणि बर्फात घालून मासा इकडे येतो. तो सकाळी मुंबईत पोचला हे खरं असू शकतं, पण पकडून किती दिवस झाले ते कोणी सांगत नाही.

बंदी उगाच नाहीये, हाच मासळीच्या अंड्यांचा काळ. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं ते पापलेट कमी होत चाललंय म्हणूनच. आणि हॉटेलं वर्षभर मेनूवर पापलेट ठेवतात, गिऱ्हाइकंही वर्षभर मागतात, तळहाताएवढी पिल्लं सुद्धा विकली जातात, ते बघून पोटात तुटतं. गवतीचहा, तुम्हाला खोटं सांगितलं ही चूक हॉटेलचीच, त्यात वादच नाही. पण जुलैत पापलेट मागायचंच कशाला हा पारंब्यांचा प्रश्न मलापण पडलाय, माझं कारण वेगळं आहे एवढंच.

गवतीचहा

चिंबोरीताई, पूर्व किनाऱ्याची माहिती नवीन होती, धन्यवाद. पण बघा, मी विचारलं तेव्हा त्याने हेच सांगितलं असतं, की साहेब विशाखापट्टणमचं आहे, बर्फातलं आहे, तर मी आनंदाने चिंबोऱ्या घेतल्या असत्या. निवड करायची संधीच दिली नाही.

पारंब्या, कॅप्टनशी मी एक शब्द वाकडा बोललो नाही, बोललो ते मॅनेजरशी.

टोप_आणि_तवा

हॉटेल लाइनमध्ये १८ वर्षं आहे, आधी किचनला, आता स्वतःचं छोटं आहे. आमची बाजू कोणीच मांडत नाही म्हणून लिहितो.

फ्रोजन म्हणजे वाईट हे डोक्यातून काढा. मासा पकडल्या पकडल्या नीट गोठवला, उणे १८ला ठेवला आणि आदल्या रात्री फ्रीजमध्ये हळूहळू सोडवला तर तळल्यावर भल्याभल्यांना ओळखू येत नाही. तुम्ही जे वर्णन केलंय, रवा सुटला, पाणी सुटलं, ते गोठवल्यामुळे नाही तर गडबडीने पाण्यात टाकून सोडवल्यामुळे, किंवा एकदा सोडवून परत गोठवल्यामुळे. मांसातलं पाणी बाहेर येतं, मग तव्यावर मासा तळला न जाता वाफेवर शिजतो. तो किचनचा आळशीपणा, ते मान्य.

आता खोटं बोलण्याबद्दल. मी माझ्याकडे खरं सांगून बघितलंय. "फ्रोजन आहे" म्हटलं की टेबल उठून जातं आणि शेजारच्या हॉटेलात तोच माल, त्याच सप्लायरचा, "ताजा" म्हणून खातं. जो खरं बोलेल तो बुडेल अशी परिस्थिती गिऱ्हाइकांनीच करून ठेवलीय. वर्षभर सगळं पाहिजे, पावसाळ्यात पापलेट पाहिजे, आणि ते पण ताजं.

आणि सर्व्हिस चार्ज. आम्ही जो ५% जीएसटी लावतो त्यावर आम्हाला इनपुट क्रेडिट (म्हणजे आम्ही खरेदीवर आणि भाड्यावर भरलेला जीएसटी वळता करून घेणं) मिळत नाही, २०१७ च्या नोव्हेंबरपासून. दुकानाच्या भाड्यावर १८% जीएसटी भरतो तो पूर्ण आमच्या खिशातून. फोर्टमधलं भाडं काय असतं ते चौकशी करून बघा. वेटरला कमी पगारावर ठेवून वरचे पैसे सर्व्हिस चार्जमधून द्यायचे ही पद्धत आहे. तुम्ही ४२० काढलेत ते मालकाचे गेले नाहीत, पोराचे गेले.

कलम_आणि_कागद

टोप-तवा साहेब, भाड्याचं आणि क्रेडिटचं बरोबर बोललात, पण सर्व्हिस चार्जची वसुली नियमात बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, देणं ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या, २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, वर दोन्ही संघटनांना एकेक लाख खर्च भरायला लावला. संघटना पुढे अपिलात गेल्या आहेत ही गोष्ट वेगळी. गवतीचहा यांच्या बिलात तर चार्ज पण आपोआप लागला आणि त्यावर जीएसटी पण. काढला नसता तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता आली असती.

माहीमचा_वारा

आणि पाण्याची बाटली एमआरपीपेक्षा जास्त लावतात त्याचं काय?? ते पण बेकायदेशीर आहे, त्याच्यावर पण भांडा

कलम_आणि_कागद

ते बेकायदेशीर नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय की हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बसायची जागा आणि सेवा पण देतं, म्हणून एमआरपीचं बंधन तिथे लागू नाही. त्यावर भांडायला गेलात तर तोंडघशी पडाल, साधं पाणी मागा.

विद्या_नौपाडा

मला तर सगळ्यात आधी तो मित्रच डोळ्यासमोर येतो. तुम्ही सगळे मासा, कायदा, जीएसटी करताय. तो माणूस हैदराबादहून आला, रत्नागिरीच्या आठवणीने मासे मागितले, मासा बेचव होता हे त्यालाही कळलंच असणार, तरी तो गप्प बसला कारण त्याच्यासाठी कोणीतरी खर्च करत होतं. अशा वेळी मॅनेजरला टेबलाजवळ बोलावलं की पाहुण्याला वाटतं आपल्यामुळे हे झालं, आपण हट्ट केला म्हणून. माझ्यावर एकदा अशी वेळ आली होती, माझ्या नणंदेने मला जेवायला नेलं आणि थंड भाजीवरून वेटरला इतकं सुनावलं की मला पुढचा घास जाईना. बोलायचं होतं तर काउंटरवर जाऊन बोलायचं, मित्राला बाहेर उभं करून. तुमची चीड खरी आहे हो, पण जागा चुकली.

गवतीचहा

विद्याताई, हे मी मनापासून वाचलं, तरी माझं मत बदललेलं नाही. काउंटरवर एकटा गेलो असतो तर मॅनेजर म्हणाला असता प्लेट तर रिकामी झाली. टेबलावर अर्धा मासा तसाच होता, तो समोर होता म्हणून त्याला मान्य करावं लागलं. आणि पाहुण्यासमोर गप्प बसायचं हे आपल्याकडे इतकं मुरलंय की हॉटेलवाले त्याच्यावरच धंदा करतात. दोघंजण किंवा फॅमिली आली की कोणी बिल तपासणार नाही, दराचं कोणी विचारणार नाही, 'साइजप्रमाणे' म्हणून १७५० लावले तरी चालतं. एकटा माणूस हिशोब विचारतो, पाहुण्याबरोबरचा विचारत नाही.

टोप-तवा, पोराचे पैसे गेले म्हणता ते मला लागलं. पण आम्ही निघताना वडे आणून देणाऱ्या पोराला हातात वेगळे पैसे दिले. पगार मालकाने द्यावा, पूर्ण द्यावा, आणि त्यासाठी माशाचा दर वाढवायचा असेल तर वाढवून मेनूवर छापावा, मी तो देईन. शेवटी बिलात खुपसू नये.

मिलानकर

इकडे इटलीत मेनूवर फ्रोजन पदार्थाच्या नावापुढे चांदणी काढलेली असते, खाली बारीक अक्षरात "गोठवलेला माल" असं लिहिलेलं. न लिहिता विकलं तर मालकावर फसवणुकीची केस होते. लोक चांदणी बघून पण मागवतात, कोणी उठून जात नाही, कारण सगळ्यांच्याच मेनूवर असते. टोप-तवा म्हणतात ती भीती इथे त्यामुळेच नाही.

टोप_आणि_तवा

हां, हे बोला. सगळ्यांना सक्ती करा, उद्या लावतो. एकट्याने पाटी लावायला सांगू नका. आणि तपासायला येणारा माणूस पण सगळीकडे सारखा यायला हवा, नाहीतर छोट्या हॉटेलवाल्याला दंड आणि फोर्टातल्या मोठ्याला सलाम असं व्हायचं.

दर न सांगता 'साइजप्रमाणे' लावणं मात्र मी पण चुकीचंच मानतो. माझ्याकडे मासा ताटलीत घेऊन टेबलावर दाखवतात, वजन सांगतात, दर सांगतात, मगच तव्यावर.

पारंब्या

म्हणजे सगळे मिळून हॉटेलवाल्याला झोडणार. मला अजूनही वाटतं की संध्याकाळ मित्राची होती. इटलीचं इटलीत.

चिंबोरी_वर्सोवा

पारंब्या, संध्याकाळ मित्राची होती म्हणूनच त्याला चांगलं खायला मिळायला हवं होतं ना.

दाखवतात ती पद्धत चांगली, टोप-तवा. मासा दाखवला की कल्ल्याजवळ दाबून बघा, पांढरट पाणी आलं तर ताजा, लालसर आलं तर शिळा, आमच्या बाया बाजारात असंच बघतात. पण फोर्टच्या हॉटेलात कोण दाबू देणार.

गवतीचहा, मित्र परत पावसाळ्यात आला तर पापलेट-सुरमईच्या नादाला लागू नका. खाडीच्या चिंबोऱ्या मिळतात, पेण-अलिबागकडच्या तळ्यांमधला जिताडा मिळतो, सुक्या बोंबलाची चटणी, जवळा, सोड्यांची खिचडी, हे आमचं पावसाळ्याचं खरं जेवण. कोळंबी तर बहुतेक आंध्रातल्या शेततळ्यातली असते, तिला बंदीचा प्रश्नच नाही. आणि मित्राला पापलेटच हवं असेल तर नारळी पौर्णिमेनंतर बोलवा, तेव्हा हॉटेलात कशाला जाता, ससून डॉकला पहाटे जा, समोर निवडून घ्या आणि घरी तळा.

गवतीचहा

घरी तळायचं ठरलं तर बायकोच्या परवानगीचा वेगळा धागा काढावा लागेल, ती शाकाहारी आहे. पण जिताड्याचं पक्कं. पेणच्या बाजूला विश्वासाचं कोणी देत असेल तर सांगा, मित्र सप्टेंबरात परत येतोय.

विद्या_नौपाडा

सप्टेंबरात आला की आधी त्याला विचारा बरं, त्या रात्री त्याला काय वाटलं ते. इथे आम्ही सगळे त्याच्या वतीने बोलतोय.