टोस्टरचा खोटा जनक: चूक लबाडाची की आपली?

शिक्षिका, परभणी जिल्हा:
मी सातवीला विज्ञान शिकवते. वर्गाच्या भिंतीवर 'यंत्रं आणि त्यांचे जनक' हा तक्ता मीच केला होता. टोस्टरपुढे लिहिलं होतं: अ‍ॅलन मॅकमास्टर्स, स्कॉटलंड, १८९३. असा संशोधक कधी झालाच नाही! २०१२ साली इंग्लंडमधल्या काही विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून विकिपीडियावर हे नाव घुसडलं. पुढे अख्खं चरित्र रचलं, जुनाट दिसेल असा फोटोही बनवला. दहा वर्षं ते खपलं, पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांतही गेलं. २०२२ मध्ये १५ वर्षांच्या एका शाळकरी मुलाला फोटो बनावट वाटला आणि पितळ उघडं पडलं. मला वाटतं, लबाडापेक्षा न तपासता उतरवून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांची चूक मोठी.

वाचक, लातूर:
ताई, हे पटलं नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या ५० पाउंडांच्या नोटेसाठी लोकांनी सुचवलेल्या नावांतसुद्धा हा होता. तिथं कुणाला कळलं नाही, अन् दोष जिल्हा परिषदेच्या बाईंचा? आमच्या गावात वाचनालय म्हणजे कुलूप लावलेली खोली. मास्तरांच्या हातात एक मोबाईल, त्यात जे दिसेल ते खरं. विश्वासाला चूड लावली ती लिहिणाऱ्यानं.

आयटीआय निदेशक, नांदेड:
फोटोचं राहू द्या, टोस्टरमध्ये पाव भाजणाऱ्या तापलेल्या तारेचं विचारा. घरातली कॉइलची शेगडी बघा. ती लालभडक होऊनही वर्षानुवर्षं टिकते, कारण तार नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमची. साधी लोखंडी तार एवढ्या उष्णतेत हवेनं गंजून तुटते. अल्बर्ट मार्श यांना या मिश्रधातूचं पेटंट १९०६ साली मिळालं आणि १९०९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा टोस्टर बाजारात आला. '१८९३ ला तार कसली होती?' एवढा एक प्रश्न वर्गात यायला हवा होता.

वाचक, लातूर:
सर, तुम्ही रोज तार हाताळता म्हणून तुम्हाला सुचलं. बाकीच्यांनी छापलेल्यावर विश्वास ठेवायचाच नाही का?

शिक्षिका, परभणी जिल्हा:
ठेवायचा, पण विचारून. तक्ता मी काढला नाही. त्या नावावर लाल रेघ मारली आणि शेजारी २०२२ लिहिलं. परवा एका मुलीनं बल्बपुढच्या एडिसनवर बोट ठेवलं, "बाई, हे तरी एकट्याचं का?" मग आम्ही त्याच काळात बल्ब बनवणाऱ्या इंग्लंडच्या जोसेफ स्वॅनचं नाव शोधलं. ते तिनंच खडूनं लिहिलं.

वाचक, लातूर:
पोरीचं कौतुकच आहे. पण ताई, घुसडणाऱ्याला माझी माफी नाही.