स्कीइंग शिकायचंय, नाताळात गुलमर्गला बर्फ मिळेल का?

द्राक्षबाग_तासगाव: नमस्कार मंडळी. मला आणि बायकोला स्कीइंग शिकायचंय, नुसते बर्फातले फोटो नकोत. फेब्रुवारीत द्राक्षाचा माल काढायचा असतो, त्यामुळे नाताळ ते ५ जानेवारी एवढीच सवड. दोघांचं बजेट ६० हजार, सगळं धरून. तेव्हा बर्फ कसा असतो?

मिरजकर: फेब्रुवारीतच जा! चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबरला बसतं, पुढं चाळीस दिवस. नाताळात थर धरलेला नसतो. आमच्या खोलीतून थेट अफरवट डोंगर दिसायचा. लाखाच्या वर गेले, पण पैसे वसूल.

वाईची_लेक: नुसत्या थंडीनं बर्फ पडत नाही दादा, पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं, यावे लागतात. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं, बर्फ आला महिनाअखेरीस. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर गेल्या. मग फेब्रुवारीची तरी हमी कुठंय?

कराडचा_गडी: मनालीजवळच्या सोलंगला जावा, स्वस्तात होतंय. फक्त पॅकेज घेऊ नका. आम्हाला एकानं 'बर्फाची हमी' म्हणून पैसे घेतले आणि तिथं गेल्यावर बर्फ वर आहे, गाडीचे वेगळे द्या म्हणाला. बाकी यंदा एक्स्पोर्टला दर काय निघंल? आमच्या पाव्हण्यांचा व्यापारी अजून बोलंना.

मिरजकर: दराचं वेगळ्या धाग्यावर घ्या. आणि सोलंग कशाला? गुलमर्ग, फेब्रुवारी. विषय संपला.

सांगली_सायकलवाला: उत्तराखंडातलं औली बघा की. २०२३ ला जोशीमठात जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद केला, तेवढी चौकशी करून जा. फेब्रुवारीत गेलात तर उत्तम.

वाईची_लेक: त्यांना फेब्रुवारी जमत नाही, वरच लिहिलंय. दादा, गुलमर्गच्या गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याच्या तिकिटात पैसे घालू नका. तो अफरवटवर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत जातो, पण ते उतार शिकाऊंचे नाहीत. हिमस्खलनाची भीती असते, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीअर त्यात दगावला. शिकवतात खाली, गुलमर्गच्याच उतारांवर. तिथं बर्फ मुठीत दाबून बघा. हात उघडल्यावर पिठासारखा भुरभुरला तर कोरडा, पडलात तरी लागत नाही. गोळा होऊन हातमोजा ओला झाला तर जड, त्यात स्की रुततात. सगळ्यात वाईट म्हणजे दुपारी वितळून रात्रीत गोठलेला. वर चकाकी येते, स्कीची कडाच धरत नाही. अशा दिवशी ऊन लागून वरचा थर मऊ होईस्तोवर थांबा.

कराडचा_गडी: ताईंचं बरोबर. हातमोजे जलरोधक घ्या, आमचे लोकरीचे भिजून गारठले होते.

द्राक्षबाग_तासगाव: सगळ्यांचे आभार. घरी बोलणं झालं. फेब्रुवारीत बाग कुणाच्या भरवशावर सोडणार? गुलमर्गच, २८ डिसेंबरला निघतोय. दुसरा टप्पा रद्द, ते पैसे शिकवणाऱ्याला. बर्फ नसला तर पहिल्या टप्प्यानं कोंगडोरीला जाऊ, थोडी उंची तरी मिळेल.

मिरजकर: फेब्रुवारीत गेला असता तर बरं झालं असतं. असो. आपलं इकडचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड करून घ्या.