तकदीर आधीच लिहिलेली असेल, तर औषध, दुआ आणि जबाबदारी कशासाठी?

प्रश्न : राबोडीचा शेजारी, ठाणे

आमच्या मजल्यावरील चाचा मधुमेहाचे जुने रुग्ण आहेत. जेवणापूर्वी ते इन्सुलिनचे पेन खिडकीच्या उजेडात धरून आकडा दोनदा वाचतात, मगच सुई टोचतात. पथ्याच्या बाबतीतही ते कमालीचे काटेकोर आहेत. तरीही आजाराचा विषय निघाला, की "अल्लाहने लिहिले आहे ते टळत नाही" असे ते शांतपणे म्हणतात. मला त्यांची श्रद्धा खोडायची नाही, समजून घ्यायची आहे. सर्व काही आधीच लिहिलेले असेल, तर औषध आणि दुआ कशासाठी? आणि माणसाचे पापही त्यात लिहिलेले असेल, तर कयामतच्या दिवशी त्याचा जाब त्यालाच का विचारला जावा?

उत्तर : कौसा, मुंब्रा

आपण फार आस्थेने विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई या सुन्नी न्यायपरंपरेतले. मदरशात लहान मुलांकडून 'ईमान-ए-मुफस्सल', म्हणजे श्रद्धेची सविस्तर कबुली, पाठ करून घेतात. त्यात अल्लाह, फरिश्ते, ग्रंथ, प्रेषित आणि अखेरचा दिवस यांच्यासोबतच, बरी-वाईट तकदीर अल्लाहकडून आहे, यावरही श्रद्धा असल्याचे म्हटले जाते. म्हणजे चाचा जे म्हणतात ते ईमानचे एक मूलभूत कलम आहे. हताश होऊन काढलेला तो उद्गार नव्हे.

औषधाबद्दलचा आपला प्रश्न खुद्द प्रेषितांनाही विचारला गेला होता. औषधोपचाराने अल्लाहची तकदीर टळते का, असे विचारले असता, तो उपचारही अल्लाहच्या तकदीरचाच भाग आहे, असे उत्तर त्यांनी दिल्याचे तिर्मिझींच्या हदीससंग्रहात (प्रेषितांच्या वचनांच्या व आठवणींच्या संग्रहात) आले आहे. दुआखेरीज कोणतीही गोष्ट तकदीर परतवत नाही, अशीही हदीस त्याच संग्रहात आहे. उलेमा, म्हणजे धर्मपंडित, तिचा अर्थ असा लावतात, की अमुक दुआमुळे अमुक संकट टळणार, हेसुद्धा अल्लाहच्या ज्ञानात आधीपासून असते.

याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण दुसरे खलिफा हजरत उमर यांचे आहे. इ. स. ६३९च्या सुमारास ते शामच्या (आजच्या सीरियाच्या परिसराच्या) दिशेने निघाले असताना सरग येथे तिकडे प्लेग पसरल्याची खबर आली. त्यांनी माघारी फिरण्याचे ठरवले, तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, की आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळत आहात का? होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे, असे उमर म्हणाले. पुढे अब्दुर्रहमान बिन औफ यांनी, साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण तेथे असू तर तेथून पळ काढू नये, ही प्रेषितांची शिकवण सांगितली. चाचांचे इन्सुलिन आणि त्यांचे वाक्य यांत म्हणूनच विसंगती नाही.

उत्तर : नेरूळ, नवी मुंबई

तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून थोडी भर घालते, कारण पापाबद्दलचा प्रश्न वरच्या उत्तराने सुटत नाही. इस्लामच्या पहिल्या काही शतकांत त्यावर मोठा वाद झाला. माणूस वाऱ्यावरच्या पानासारखा परस्वाधीन आहे, असे जबरिया विचारपंथाचे लोक म्हणत. तर माणूस आपल्या कृतीचा स्वतः कर्ता आहे, नाहीतर त्याला शिक्षा देणारा ईश्वर न्यायी ठरणार नाही, असे मुअतजिला विचारपंथाचे लोक सांगत. बसऱ्याचे अबुल हसन अल-अशअरी आधी मुअतजिलाच होते. पुढे त्यांनी अशी मांडणी केली, की कृती निर्माण करतो अल्लाह, पण ती कमावतो, म्हणजे आपल्या नावे करून घेतो, माणूस. यालाच 'कस्ब' म्हणतात. समरकंदचे अल-मातुरिदी यांनी माणसाच्या निवडीला त्याहून अधिक स्पष्ट जागा दिली. शाफईंमध्ये प्रामुख्याने अशअरी मांडणी रुजली, तर हनफी या दुसऱ्या सुन्नी न्यायपरंपरेत मातुरिदी. माझ्या मते 'कस्ब'ची कल्पना शेवटपर्यंत अवघडच राहते. पण ज्यांनी ती मांडली त्यांना ईश्वराची सत्ता आणि माणसाची जबाबदारी यांपैकी काहीच सोडायचे नव्हते, हे ध्यानात घेतले तर तिचे मोल कळते.

उत्तर : मुंब्रा

शिया परंपरेत 'अद्ल', म्हणजे अल्लाहचे न्यायी असणे, हे धर्माच्या पाच मूलतत्त्वांपैकी एक आहे. पूर्ण सक्तीही नाही आणि पूर्ण मोकळीकही नाही, सत्य या दोहोंच्या मधे आहे, हे इमाम जाफर अस-सादिक यांचे वचन आमच्याकडे नेहमी सांगितले जाते.

राबोडीचा शेजारी

सर्वांचा आभारी आहे. एक शंका उरते. एखाद्याने दुसऱ्याचे पैसे बुडवले आणि "माझ्या तकदीरमध्येच तसे होते" असे तो म्हणाला, तर त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर : कौसा, मुंब्रा

ही सबब कुरआनने स्पष्ट नाकारली आहे. अल्लाहची इच्छा असती तर आम्ही शिर्क (अल्लाहसोबत इतरांना भागीदार मानणे) केलेच नसते, असे म्हणणाऱ्यांना सूरह अल-अनआमच्या १४८व्या आयतीत, तुमच्याजवळ याचे काही ज्ञान आहे का, असे विचारले आहे. आपल्या नावे काय लिहिले आहे हे कृती करण्यापूर्वी त्या माणसाला ठाऊक नव्हते. त्याने पैसे बुडवले ते स्वतःच्या लोभाने. इब्न तैमिया आणि इब्न अल-कय्यिम या मध्ययुगीन धर्मपंडितांनी केलेला भेद येथे उपयोगी पडतो : कोसळलेल्या संकटात तकदीरचा आधार घ्यावा, पण केलेल्या गुन्ह्यावर तिचे पांघरूण घालू नये. मूल गमावलेल्या आईला "अल्लाहची मर्जी" म्हणून धीर देणे योग्य आहे. सुनेला मारहाण करणाऱ्या घराने तेच शब्द तिला ऐकवणे हा धर्माचा विपर्यास आहे, आणि तो आपल्या वस्त्यांत होताना दिसतो म्हणून मी हे मुद्दाम लिहीत आहे. त्या माणसाला सांगावे, की तौबा करायची असेल तर आधी पैसे परत करावे लागतील, कारण दुसऱ्याचा हक्क बुडवल्यावर केवळ पश्चात्ताप पुरेसा ठरत नाही.